गोंदियाच्या पावसाचं वीजबिल

खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणं हा किनाऱ्यावरच्या लोकांचा विषय, गोंदियाला त्याचं काय, असं कुणीही म्हणेल. पण नवेगाव बांधात, इटियाडोहात, वैनगंगेत आज जे पाणी आहे, ते कधी ना कधी समुद्रातच होतं. उन्हानं त्याची वाफ केली, मीठ तिथंच राहिलं आणि बंगालच्या उपसागरावरून, अरबी समुद्रावरून ढग इकडे आले. या फुकटच्या कारखान्याचा हिशोब एकदा मांडून बघू.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२३४ चौरस किलोमीटर. वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटर धरू, कमीच धरतोय. गुणाकार येतो ६ लाख २८ हजार कोटी लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एका जिल्ह्याच्या एका वर्षाच्या पावसापायी समुद्रात सुमारे २२ कोटी टन मीठ मागे राहिलं. सगळा भारत मिळून वर्षाला साधारण ३ कोटी टन मीठ पिकवतो.

खरी गंमत ऊर्जेची आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. पावसाच्या आकड्याला या ०.६८ नं गुणलं की होतात ४ लाख २७ हजार कोटी युनिट. २०२३-२४ मध्ये देशात जेवढी वीज तयार झाली, त्याच्या जवळपास अडीचपट! जिल्ह्यातलंच माप हवं असेल तर तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प घ्या. एकूण ३,३०० मेगावॅटचे त्याचे पाचही संच एक क्षणही न थांबता चालवले, तर एवढी वीज तयार व्हायला १४८ वर्षं लागतील. ऊन हे काम दरवर्षी करतं.

माणसानं हेच करून पाहिलं ते काचेच्या पेटीत. काळ्या तळाचं उथळ टाकं, वर तिरकी काच. वाफ काचेला लागते, थेंब ओघळून पन्हळीत पडतात. चिलीतल्या लास सालिनास इथं १८७२ मध्ये सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काच मांडून खाणीसाठी दिवसाला वीसेक हजार लिटर पाणी काढत. आपल्याकडे भावनगरजवळच्या अवाणिया गावात १९७८ मध्ये रोज ५,००० लिटरचा प्रकल्प उभा राहिला. मात्र चौरस मीटरमागे दिवसाला २ ते ४ लिटर, यापुढे साधी पेटी फारशी जात नाही. वाफेनं आणलेली सगळी उष्णता काचेवर जाऊन वाया जाते, ती पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच शहरं आरओकडे वळली. तिथं समुद्राचं हजार लिटर पाणी ३-४ युनिटांत गोडं होतं.

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदियाची लोकसंख्या १३ लाख २२ हजार. माणशी रोज ५५ लिटर या सरकारी निकषानं सगळ्यांची तहान अशा पेट्यांवर भागवायची, तर २ ते ४ लिटरांची सरासरी धरून सुमारे २४ चौरस किलोमीटर काच अंथरावी लागेल. आणि एवढं करून एका चौरस मीटरची पेटी तीनशे स्वच्छ दिवसांत देणार ९०० लिटर. त्याच चौरस मीटरवर पाऊस १,२०० लिटर ओतून जातो.

पेटीची खरी जागा अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणीच खारट. एखाद्या घराच्या पिण्यापुरतं ती नक्की देईल. गोंदियाला ऊर्ध्वपातन ढगांनी आधीच करून दिलंय, अडचण साठवणीची आहे. गोंदियासह पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजानं बांधलेले, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले आणि बरेचसे गाळानं भरलेले. ग्रामसभेत हा गाळ पहिल्या क्रमांकावर घ्या. एक घनमीटर गाळ उपसला की हजार लिटर पाण्याची जागा होते. चौरस मीटरभर काचेची वर्षाची कमाई त्याहून कमीच आहे.