धोबीपछाड, लाल माती आणि मानेचे सात मणके

चैत्रात तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरते आणि त्याच दिवसांत आसपासच्या गावोगाव कुस्त्यांचे फडही लागतात. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या उरकतात आणि मोठी जोड लागते. एक पैलवान दुसऱ्याच्या बगलेत शिरतो, पाठ फिरवतो आणि क्षणात समोरचा डोक्यावरून उलटा होऊन मातीत आदळतो. 'धोबीपछाड!' असा एकच गलका होतो. डाव कसा बसला हे सगळ्यांनी पाहिलेले असते. पडणाऱ्याची मान कशी पडली, हे मात्र फार थोड्यांनी.

आधी डाव समजून घेऊ. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. त्यातून सोडलेली ओळंब्याची रेघ दोन पायांनी व्यापलेल्या जागेत आहे तोवर माणूस उभा राहतो. बाहेर गेली की पडतो. म्हणून पैलवान पाय फाकवून, कंबर खाली घेऊन पवित्रा घेतो. धोबीपछाड मारणारा आपली कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याखाली घुसवतो, त्याचा हात खांद्यावरून पुढे ओढतो आणि वाकतो. कंबर झाली तरफेचा टेकू. नव्वद किलोचा गडी सत्तर किलोच्याने उडवला यात चमत्कार नाही. उचलण्यापेक्षा त्याला कलंडवण्यावर भर असतो. टांग मारताना पाय अडवून वरचे अंग ढकलतात. कलाजंगमध्ये मात्र अख्खा माणूस खांद्यावर घ्यावा लागतो, तिथे ताकदीला पर्याय नाही.

ही विद्या फक्त आपल्याकडचीच, असे समजायचे कारण नाही. इटलीत फिओरे देई लिबेरी या तलवारबहाद्दराने 1400 नंतरच्या दहा वर्षांत, फेराराच्या सरदारासाठी लढाईचे सचित्र पुस्तक लिहिले. त्यात तलवारीच्या आधी धडा आहे तो कुस्तीचा. दोन हातांनी धरायची लांब तलवार घेऊन दोघे अगदी अंगाला भिडले की पाते फिरवायला जागाच उरत नाही. मग मूठ पकडायची, मनगट पिळायचे, पायामागे पाय घालून लोळवायचे. फिओरेने गमतीची कुस्ती आणि जिवावरची कुस्ती असा भेदही केला आहे. जिवावरच्या कुस्तीत समोरच्याचा हात मोडला तरी चालतो.

त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी, तेरपासून फार लांब नसलेल्या कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांवर स्वतंत्र प्रकरण आले. वय, अंगकाठी आणि ताकद पाहून मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, त्यांचा व्यायाम. बाराव्या शतकातला हा विचार आजच्या वजनगटांच्या किती जवळचा आहे पाहा. गावच्या फडात मात्र अजूनही जोडी पुष्कळदा नजरेनेच ठरते.

आता पडण्याचे गणित. ऐंशी किलोचा पैलवान एक मीटर उंचीवरून पडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या घरात असतो. माती पाच सेंटिमीटर दबली तर अंगावर सरासरी वजनाच्या वीसपट जोर येतो. दोनच सेंटिमीटर दबली तर पन्नासपट. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा त्यात आला. तालमीच्या हौद्यातली माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून, रोज उकरून मऊ ठेवलेली असते. शेतात एका दिवसापुरत्या केलेल्या फडाचे तसे नसते. आपली काळी माती चैत्राच्या उन्हात ढेकळासारखी कडक होते. वरून पाणी शिंपडले की ती मऊ दिसते, एवढेच. (गोरोबाकाकांच्या गावाला माती तुडवण्याबद्दल सांगायला जाणे म्हणजे जरा अतिच, पण कुंभार माती जशी मुरवतो तशी फडाची कुणी मुरवत नाही.)

पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावली तर डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. जुने वस्ताद पोरांना आधी पडायलाच शिकवतात: हनुवटी आत, श्वास सोडायचा आणि हात टेकून स्वतःला सावरायला जायचे नाही. हात टेकला की मनगट, कोपर किंवा खांदा जातो. खरा धोका वेगळा आहे. माणूस माथ्यावर उभा आदळतो तेव्हा पुढे झुकलेल्या मानेची नैसर्गिक कमान सरळ झालेली असते आणि वरून धडाचे सगळे वजन त्या सात मणक्यांवर येते. श्वासपटल चालवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. त्यामुळे त्याच्या वर मज्जारज्जू चिरडला तर हातपाय तर जातातच, श्वासही थांबू शकतो.

आणि इथेच फडातली जुनी सवय घात करते. पैलवान पडून राहिला की चार जण धावतात, बगलेत हात घालून त्याला उभे करतात, कोणी मान 'बसवायला' घेतो, कोणी तोंडात पाणी ओततो. मणका मोडलेला पण मज्जारज्जू शाबूत असलेला माणूस या उचलाउचलीत कायमचा लुळा पडू शकतो. त्याला आहे तसाच राहू द्यावे. एकाने डोक्यामागे गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे, ओढू नये, वळवू नये. त्यालाही मान हलवू नको असे सांगावे. मान दुखते का, बोटे हलतात का, हातापायांत मुंग्या येतात का, एवढेच विचारावे. श्वास चालू नसेल तर मात्र मानेची चिंता मागे ठेवून छातीवर दाब देणे सुरू करावे. हलवणे टळतच नसेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदमच कुशीवर वळवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. फड मोठा असेल तर ती आधीपासून मैदानाजवळ उभी राहील यासाठी यात्रा समितीने तालुक्याच्या आरोग्य विभागाला पत्र द्यावे. बक्षिसाच्या रकमेचे फलक छापायला जातात, त्याच आठवड्यात हे पत्र गेले तरी पुरे.