घरी जोडलेल्या गाडीचा डॅशबोर्ड

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांतून गाडी जोडण्याची परंपरा जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही छोटी, उघडी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे अनेकांनी ती घरीच जोडली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. त्याच धर्तीच्या किट कार तिथले हौशी लोक आजही जोडतात.

इंजिन, सस्पेन्शन, चाकं यांच्या जागा चासीवर ठरलेल्या असतात. डॅशबोर्डचं मात्र पुष्कळ किटमध्ये जोडणाऱ्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की हवी: डॅशबोर्ड असा बसवायचा की तो सहज काढता आला पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीवर ही गोष्ट कामी येते.

आधी सीट आणि स्टिअरिंग कायमच्या जागी बसवून घ्या. जाड पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड कापून लावा, मीटरच्या मापाचे कागदी गोल त्यावर चिकटपट्टीने डकवा आणि पट्टा बांधून सीटवर बसा. स्टिअरिंगची कड कुठला मीटर झाकते, ते लगेच कळतं. स्पीडोमीटर आणि आरपीएम मीटर स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागातून पूर्ण दिसायला हवेत. पट्टा बांधलेला असताना हेडलाइट आणि हॅझर्डच्या स्विचपर्यंत हात पोचतो का, तेही पाहा. मग डॅशबोर्डच्या मागे डोकावा. चासीचा आडवा पाइप किंवा वायपरची मोटर आड येत असेल, तर तो मीटर आत्ताच सरकवा. मीटरच्या खोलीत कनेक्टरची आणि वायर वळायला लागणारी जागाही धरा.

पुठ्ठा मनासारखा झाला की तो २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून आखणी करा. छोटे मीटर बहुधा ५२ मिलिमीटरचे आणि मोठे ८० किंवा १०० मिलिमीटरचे असतात. तरी भोक पाडण्याआधी हातातला मीटर मोजाच. पत्र्यावर रेक्झिन चढवणार असाल, तर ते कडेवरून आत दुमडल्यावर भोक लहान होतं, तेवढी जास्त जागा सोडा. सेंटर पंचने खूण करा, बारीक भोक पाडा आणि पत्र्याखाली लाकूड घट्ट आवळून होल सॉ हळू फिरवा. कडेची धार अर्धगोल कानशीने घासून काढा. रेक्झिन चिकटवल्यावर प्रत्येक भोकाच्या मध्यापासून चांदणीसारखे काप द्या आणि पाकळ्या मागे ओढून चिकटवा.

खरी कसोटी वायरिंगची. अर्थिंगपासून सुरुवात करा. सगळ्या मीटरच्या अर्थ वायरी एका जागी आणून जाड वायरने चासीला जोडा. गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या जागी अर्थ घेतला, तर हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलताना दिसतो.

पेट्रोलच्या मीटरचं आणि टाकीतली पातळी मोजणाऱ्या सेंडरचं गोत्र जुळलं पाहिजे. युरोपीय पद्धतीच्या सेंडरचा रोध रिकाम्या टाकीला साधारण १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतो. अमेरिकी पद्धतीत उलटं असतं: रिकाम्याला २४०, भरलेल्याला ३३. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला, तर काटा साफ खोटं सांगतो. सेंडर टाकीत बसवण्याआधी त्याचा तरंगता दांडा हाताने वरखाली करून मल्टिमीटरवर रोध पाहून घ्या.

चार्जिंगचा लाल दिवा नुसता इशारा देणारा नसतो. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये किल्ली फिरवल्यावर याच दिव्यातून जाणारा करंट आतल्या रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. वीज तयार होऊ लागली की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. तिथे एलईडी लावला तर करंट फार कमी पडतो आणि बॅटरी चार्जच होत नाही. त्यामुळे तिथे तारेचा बल्ब लावा किंवा एलईडीला समांतर योग्य रेझिस्टर जोडा.

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणायची तर ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ ही तपासणी पार करावी लागते. २००९ पासून ती लागू आहे. डोकं आपटू शकेल अशा भागातल्या कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हव्यात. म्हणून डॅशबोर्डची खालची कड आत वळवतात किंवा तिच्यावर गोल पट्टी बसवतात. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, आणि रात्री तो उजळलेला असावा.

आता सगळ्या वायरी दोन-तीन मोठ्या मल्टिप्लगमध्ये आणा, प्रत्येकीवर नाव लिहा. डॅशबोर्ड मांडीवर घेता येईल इतकी वायर जास्त ठेवा. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घाला. बॅटरी जोडताना आधी लहान फ्यूज लावा आणि एकेक सर्किट चालू करून पाहा. सगळं नीट चाललं की बॅटरी सोडवा, प्लग काढा आणि डॅशबोर्ड बाहेर घेऊन पुन्हा बसवा. हे काम साध्या स्क्रूड्रायव्हरने, काहीही न कापता जमलं, तर बसवणी चोख झाली. पुढे कधी बल्ब गेला किंवा वायर सैल झाली, तर दुरुस्ती तुम्हाला घरीच करता येईल.