घरगुती संकेतस्थळांची स्पर्धा

जुनीं पत्रें, वंशावळी, हिशेबाच्या चोपड्या आणि वडीलधाऱ्यांच्या टिपणवह्या बहुतेक जुन्या घरांतून असतात. पण तें सारें नीट लावून ठेवण्याचें काम 'पुढच्या सुटींत' म्हणून लांबणीवर पडतें, आणि असें करतां करतां एक पिढी निघून जाते. या कामास मुदत आणि परीक्षक लाभले तर काय होतें, हें पाहण्याचा योग आम्हांस आला. एका स्नेहमंडळानें सभासदांच्या खासगी संकेतस्थळांची स्पर्धा भरविली, तींत जळगांव व धुळें अशा दोन ठिकाणीं राहणाऱ्या आमच्या एकत्र कुटुंबानें भाग घेतला. त्यांतून जें शिकावयास मिळालें, तें अन्य कुटुंबांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

अशा स्पर्धा मुळींच नव्या नाहींत. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं मांडलेली कल्पना १९९१ मध्यें जगाला खुली झाली, आणि १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीज या अमेरिकन सेवेनें सामान्य माणसालाहि स्वतःचें पान मांडण्यास फुकट जागा दिली. तेथें विषयवार वस्त्या होत्या. शेजारी एकमेकांच्या पानांवर पाहुण्यांच्या वहींत अभिप्राय लिहीत, गौरवचिन्हें देत. पुढें 'साइट फाइट्स' नांवाची मतांवर चालणारी स्पर्धाहि रंगूं लागली. मराठींत २००८ पासून कांहीं वर्षें 'स्टार माझा' वाहिनीनें 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेऊन हौशी लेखकांस पुढें आणलें.

आमच्या घरीं धुळ्याच्या थोरल्या काकूंनीं सांगावें, जळगांवच्या सुनांनीं टंकावें आणि महाविद्यालयांत जाणाऱ्या पुतण्यानें पानांची बांधणी करावी, अशी वांटणी झाली. पहिलाच विषय उन्हाळ्यांतील ज्वारीच्या बिबड्यांचा. काकूंचें प्रमाण म्हणजे 'मावेल तितकें पाणी' आणि 'हाताला कळेल तितकी आंच'! घरच्या मुलींना तें चालतें; परंतु परीक्षक परका. अखेर मापाची वाटी घेऊन सर्वजणी बसल्या. ज्वारी किती दिवस भिजवावयाची, पाणी केव्हां बदलावयाचें, शिजलेलें पीठ कसें दिसलें म्हणजे उतरवावयाचें, हें प्रथमच कागदावर आलें. कानबाईच्या उत्सवाचेंहि तसेंच झालें. श्रावणांत नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारीं तिची स्थापना व सोमवारीं विसर्जन, हें खानदेशांत कोणास सांगावें लागत नाहीं; पण रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच कां खातात, हें नव्या सुनेनें विचारतांच घरांतून तीन निरनिराळीं उत्तरें निघालीं. तीं तिन्ही, सांगणाराच्या नांवासह, पानावर घातलीं.

खरा वाद मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून झाला. एका दिवंगत आत्याबाईंनीं, तरुणपणींच वैधव्य आल्यावर, भावास लिहिलेलीं पत्रें आमच्या पेटींत आहेत. भाषा अशी कीं वाचतांना कंठ दाटून यावा. पुतण्या म्हणाला, "काकू, हीं पत्रें घातलीं तर पहिलें बक्षीस आपलेंच." त्याचें बोलणें खोटें नव्हतें. काकू इतकेंच म्हणाल्या, "अरे, तीं तिनें भावाला लिहिलीं, परीक्षकांना नव्हे." यावर दोन दिवस चर्चा चालली. आत्याबाईंचें दुःख झांकून ठेवणें म्हणजे त्या काळच्या रूढीला पाठीशीं घालणेंच होय, असें एका सुनेचें म्हणणें होतें. आणि तें सहज उडवून लावण्यासारखें नव्हतें. शेवटीं पत्रांच्या नकला करून कुटुंबाच्या प्रत्येक शाखेस एकेक द्यावी, मुलामुलींनीं तीं अवश्य वाचावींत, संकेतस्थळावर मात्र घालूं नयेत, असें ठरलें.

स्पर्धेंत निम्मे गुण परीक्षकांचे व निम्मे मतांचे होते. ओळखीच्या शंभर जणांना निरोप धाडून मतें मागणें अवघड नव्हतें. परंतु न वाचतां दिलेलें मत म्हणजे केवळ आहेराची परतफेड. म्हणून आम्हीं आप्तेष्टांस कळविलें तें एवढेंच, कीं पानें वाचा आणि ठाऊक असेल त्याची भर घाला. बक्षीस आमच्याकडे आलें नाहीं. पण एका जुन्या छायाचित्रांत कडेला उभी असलेली, घरांत कोणासहि न ओळखतां येणारी स्त्री कोण, हें नागपूरच्या एका वृद्ध आप्तांनीं कळविलें. त्या आमच्या पणजीच्या धाकट्या जाऊबाई निघाल्या.

याचें मोल खानदेशांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं घरोघरचीं दप्तरें धुंडाळण्यांत आयुष्य वेंचलें आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेविला. पुढच्याच वर्षीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतांना 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हातानें लिहून काढीत. त्याचे वाचक म्हणजे छात्रालयांतील मुलें. जळगांवच्या बहिणाबाई चौधरींना लिहितां येत नव्हतें. चिरंजीव सोपानदेव आदींनीं त्यांचीं गाणीं उतरून ठेविलीं, म्हणूनच १९५१ सालीं त्या वारल्यानंतर १९५२ मध्यें तीं पुस्तकरूपानें निघूं शकलीं. यांपैकीं कोणासहि बक्षिसाची आशा नव्हती. लिहून घेणारा वेळेवर जवळ होता, एवढेंच.

मात्र संकेतस्थळ केलें म्हणजे दप्तर अमर झालें, असें कोणी समजूं नये. जिओसिटीज १९९९ मध्यें याहू कंपनीनें घेतली आणि २००९ सालीं, जपान वगळतां, बंद केली. हौशी रक्षकांनीं जीं पानें उतरून घेतलीं तेवढींच वांचलीं. यास्तव आमची सूचना अशी: मजकूर चित्ररूपानें न देतां युनिकोडमध्यें टंकावा, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच तींत देवनागरीला स्थान आहे, त्यामुळें एका विशिष्ट टंकावांचून पान अडत नाहीं. प्रत्येक नोंदीखालीं सांगणाराचें नांव व वर्ष घालावें. हयात माणसाची संमति घ्यावी. आणि वर्षांतून एकदां सर्व पानें कागदावर छापून निदान दोन घरीं ठेवावींत. आमची एक प्रत जळगांवीं व एक धुळ्यास आहे.

कुटुंबांनीं अशा स्पर्धेंत जरूर उतरावें; मुदतीसाठीं उतरावें, परक्याच्या प्रश्नांसाठीं उतरावें. पण स्पर्धा संपली म्हणून वही मिटूं नये. आमच्या थोरल्या काकूंना यंदा ब्याऐंशींवें वर्ष लागलें आहे. मंडळ पुढची मुदत केव्हां जाहीर करील याची वाट पाहणें आम्हांस परवडणारें नाहीं.