जवसाच्या तेलातली अक्षरं

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सिंदी ही वर्धा जिल्ह्यातली कापसाची गावं. इथल्या जुन्या जिनप्रेसच्या भिंतींवर कधीकाळी मोठमोठ्या अक्षरांत मालकाचं नाव, ‘जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरी’ आणि बिडी न पिण्याची सक्त ताकीद रंगवलेली असे. रुईच्या गंजीला एक ठिणगी पुरते. आज त्यातलं एखादं ‘प्रे’ किंवा नुसता ‘ग’ उरतो. बाकी मजकूर गेला असं आपण धरून चालतो. तो बहुतेक वेळा पूर्ण गेलेला नसतो. भिंत पाडण्याआधी किंवा नवा डिस्टेंपर फासण्याआधी तो वाचून घेता येतो, आणि वाचून घ्यायला हवा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. त्या काळात हिंगणघाटी कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात गाजत होतं. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे पुलगाव-वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि पुढच्या काळात या पट्ट्यात वाफेवरचे, सरकी वेगळी करणारे रेचे आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. त्या सगळ्या उद्योगाच्या कितीतरी खुणा आता या भिंतींवरच आहेत.

अक्षरं टिकतात ती तेलामुळे. जुन्या ऑइलपेंटमध्ये रंगाची भुकटी, उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन असे. टर्पेंटाइन उडून जातं. जवसाचं तेल मात्र उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनला धरायला तीन दुहेरी बंध असतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल भिंतीवर लावलं तर वर्षभरानंतरही ते असं घट्ट होणार नाही. जवस हे वर्धा-नागपूर पट्ट्याचं जुनं रब्बी पीक असल्याने या तेलाचा गुण इथल्या घराघरात ठाऊक होता.

हा पापुद्रा तोडतो तो उन्हातला अतिनील किरण. तेल झिजलं की रंगाचे कण सुटे होतात आणि भिंतीवर हात फिरवला तर बोटाला भुकटी लागते. सगळे रंग सारख्या वेगाने जात नाहीत. काजळी आणि गेरू उन्हाला दाद देत नाहीत, सेंद्रिय रंग मात्र लवकर विटतात. पांढऱ्यासाठी वापरला जाणारा सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट. तो तेलाशी संयोग पावून साबणासारखी संयुगं करतो, म्हणून त्याचा थर विटेला घट्ट धरून राहतो. शिसं, तसंच काही पांढऱ्या रंगांतलं जस्त, शेवाळाला मानवत नाही. त्यामुळे पावसाळ्यानंतर सगळी भिंत काळवंडली तरी जिथे असा रंग होता तिथली वीट उजळ राहते, आणि रंग डोळ्यांना दिसत नसतानाही अक्षराचा आकार उमटतो.

कोणत्या बाजूची भिंत आधी पाहायची, हे वर्ध्याच्या अक्षांशावरून ठरतं. वर्धा सुमारे पावणेएकवीस अंश उत्तरेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य इथे किंचित उत्तरेकडे असतो, आणि त्यातला बराच काळ आभाळ भरलेलं असतं. उरलेलं वर्षभर दुपारचं ऊन दक्षिणेच्या भिंतीवर पडतं. उत्तरेच्या भिंतीवरचा मजकूर म्हणूनच जास्त आशेने शोधावा.

वेळ निवडायची तर माझ्या मते मृगाच्या पहिल्या सरीची. उघडी वीट पाणी पिते आणि गडद होते. जिथे तेलाचा अंश शिल्लक आहे तिथे पाणी मुरत नाही, तो भाग फिका राहतो. एरवी कोरी वाटणारी भिंत अशा वेळी काही मिनिटं वाचता येते. मुद्दाम बादलीने पाणी मारू नये. विटेत मुरलेलं पाणी क्षार वर आणतं आणि लोणा धरला की पापुद्र्यासकट विटेची कातडी सुटते. दुसरी चांगली वेळ म्हणजे ऊन भिंतीला घासून तिरपं येतं ती. रंगाखालची वीट कमी झिजलेली असते, त्यामुळे अक्षर केसभर उंच राहतं आणि त्या तिरप्या उजेडात त्याची सावली पडते.

फोटो काढल्यावर पुढचं काम संगणकाचं. जॉन हारमन यांनी गुहाचित्रांसाठी तयार केलेली डीस्ट्रेच ही प्रणाली उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून आलेल्या गणितावर चालते. जवळपास सारख्या दिसणाऱ्या छटांमधला फरक ती ताणून मोठा करते, आणि विटेच्या लालीत मिसळून गेलेला गेरू वेगळा निघतो. काजळीची अक्षरं अवरक्त प्रकाशात अधिक स्पष्ट होतात, कारण काजळी तो प्रकाश शोषून घेते आणि बरेच दुसरे रंग तो परतवतात. आर्किमिडीजचा खरवडून पुसलेला, वर प्रार्थना लिहिलेला मजकूर याच तऱ्हेने, वेगवेगळ्या तरंगलांबींचे फोटो काढून वाचला गेला. शाईतलं लोह शोधण्यासाठी तिथे पुढे क्ष-किरणही वापरले गेले.

वय ठरवताना रसायन आणि मजकूर दोन्ही विचारात घ्यावे लागतात. टायटॅनियमचा पांढरा रंग व्यापारी प्रमाणावर निघाला तो १९२० च्या आसपास. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र पांढऱ्या थरात भरपूर टायटॅनियम दाखवत असेल, तर तो थर बहुधा त्याआधीचा नाही. मजकुरातले पुरावे तर याहून नेमके निघतात. पत्त्यात ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) असेल तर पाटी बहुधा १९५० पूर्वीची. ‘म. प्र.’ असेल तर ती १९५० ते १९५६ या अवघ्या सहा-सात वर्षांतली असण्याची शक्यता मोठी, कारण तेवढाच काळ वर्धा मध्य प्रदेशात होतं. एकवचनी ‘कारखान्यांत’, ‘येथें’ असे जुने अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या वळणाचे आहेत. ‘अि’, ‘अु’, ‘अे’ दिसले तर खास थांबावं. काका कालेलकरांच्या पुढाकाराने झालेली ही लिपिसुधारणा वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने वापरात आणली होती. ‘पणन महासंघ’ असेल तर बहुधा कापूस एकाधिकार खरेदीचा, म्हणजे १९७२ नंतरचा काळ. ४४२ ने सुरू होणारा पिन कोडही त्याच वर्षाच्या ऑगस्टनंतरचा.

हे दोन पुरावे कधीकधी भांडतात. मजकूर १९२० आधीचा आणि रंगात टायटॅनियम, असं आढळलं म्हणजे पाटी खोटी ठरत नाही. पेंटर जुनीच अक्षरं दर काही वर्षांनी गिरवत असत, शिवाय नवा मालक आला की चुना मारून वर नवं नाव लिहिलं जाई. एका भिंतीवर तीन पिढ्यांचा मजकूर एकमेकांत अडकलेला असू शकतो. कुठलं अक्षर कुणाच्या वर आहे हे कडेच्या तुटलेल्या पापुद्र्यात, साध्या भिंगाखाली दिसतं. त्यासाठी खरवडू नये. सफेद्यात शिसं असतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला आहे. जुने रंग त्याच्या कितीतरी आधीचे.

माझी कळकळीची विनंती जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना आहे. हे काम विज्ञानाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्यासारखं आहे. प्रत्येक फोटोत भिंतीला टेकवून एक मोजपट्टी ठेवावी. दिशा, तारीख, वेळ आणि भिंत ओली होती की कोरडी, हे लिहावं. मूळ फोटो जसाच्या तसा राखून त्याच्या प्रतीवरच संगणकाचं काम करावं. आणि फोटो घेऊन गावातल्या जुन्या रेचेवाल्यांकडे, गाठी उचलणाऱ्या हमालांकडे, पेंटरांकडे जावं. यंत्र ‘ग’ पुढचं अक्षर दाखवू शकलं नाही तरी वर्षानुवर्षं त्या फाटकातून आत गेलेल्या माणसाला ते पाठ असतं. त्यांची आठवणही त्याच नोंदीत, ती आठवण आहे असं स्पष्ट लिहून, उतरवून ठेवावी.