प्रकाशानें घेतलेली ताठपणाची परीक्षा

जळगाव आणि धुळें जिल्ह्यांत केळीच्या व कापसाच्या शेतांतून ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या पसरलेल्या दिसतात. वैशाखांतील उन्हांत त्या वर्षानुवर्षें पडून असतात. त्यांचें प्लॅस्टिक म्हणजे पॉलिमर, अर्थात् सहस्रावधि अणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. सूर्याच्या अतिनील किरणांनीं या साखळ्या तुटूं लागल्या, कीं पृष्ठभाग आधीं ठिसूळ होतो. आंतील भाग मात्र चिवटच राहतो. नळी ओढून तोडली तर सबंध नळीचें बळ समजतें. दुखणें कोणत्या थरांत आहे, तें समजत नाहीं.

थराथराचें असें परीक्षण प्रकाशानें करितां येतें, तेंही वस्तूस धक्का न लावतां. पदार्थ कितीही स्तब्ध दिसला तरी उष्णतेमुळें त्याच्या अंगांत सूक्ष्म ध्वनिलहरी सतत धांवत असतात. त्यांवरून प्रकाश विखुरला म्हणजे त्याची कंपनसंख्या किंचित् बदलते. भुसावळ स्थानकांतून न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिटी येतांना उंच व जातांना खालच्या स्वरांत ऐकूं येते, त्यांतलाच हा प्रकार. फ्रान्समधील ब्रिल्वँ यांनीं १९२२ सालीं हें भाकीत केलें आणि १९३० सालीं रशियांतील ग्रोस यांनीं तें प्रयोगानें पाहिलें. रामन यांचा १९२८ चा शोध याचाच भाऊबंद. मात्र तेथें रेणूंचीं कंपनें बोलतात, येथें ध्वनि बोलतो.

ताठ पदार्थांत ध्वनि सामान्यतः जलद धांवतो, म्हणून फरकही मोठा पडतो. हिरव्या लेझरचा उलट परतलेला प्रकाश तपासला असतां पाण्यांत हा फरक सेकंदास सुमारें ७.५ अब्ज कंपनांचा, तर अॅक्रिलिकमध्यें सुमारें १५ अब्जांचा भरतो. मूळ प्रकाशाचीं कंपनें मात्र ५,६४,००० अब्ज! एवढ्या गजरांत तेवढी कुजबुज ऐकावयाची. २००८ सालीं अमेरिकेंत स्कारचेली व युन यांनीं ती त्वरेनें टिपणारा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यांत प्रकाश एकेका बिंदूवर एकवटतात आणि ताठपणाचा नकाशा काढतात. पदार्थाची घनता व वक्रीभवनांक मात्र आधीं ठाऊक असावे लागतात.

येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अशा अतिशीघ्र कंपनांना पॉलिमर फार ताठ भासतो. तोच सावकाश ओढला तर नमतो. तेव्हां या आंकड्यावरून नळी पाण्याचा किती दाब सोशील, हें सांगणें धाडसाचें होय. त्यासाठीं दाबाखालीं पाणी भरून पाहण्याची जुनी रीतच विश्वासाची. शिवाय उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून नळींत जी काजळी मिसळतात, तीच लेझरचा प्रकाश गिळून टाकते. म्हणून हें परीक्षण काजळी न घातलेल्या, पारदर्शक, पातळ नमुन्यांवरच करावें लागतें.