ऑपरेशन अर्धवट राहिले म्हणजे



"पित्ताशय काढायला आत नेले, पण काढता आले नाही." भूल पुरती उतरण्याआधी हे कानावर पडले की पेशंट आणि घरचे, दोघेही हबकतात. रात्री भारतात फोन केला की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर चांगला नव्हता का?"

बहुतेक वेळा उत्तर उलटे असते. पित्ताशयाच्या नळीला लागूनच यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी असते. सूज फार असली किंवा आतले भाग एकमेकांना चिकटले असले, की कुठली नळी कोणती हे ओळखू येत नाही. मुख्य नळीला इजा झाली तर ते दुखणे फार मोठे. अशा वेळी थांबणे यातच शहाणपण असते.

डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, ती भारतातली सुरुवात. आज हे ऑपरेशन रोजचे झाले आहे, म्हणूनच ते अडले की धक्का जास्त बसतो.

घरी जाण्यापूर्वी एक गोष्ट नक्की विचारा: आत नेमके काय केले? पित्ताशयाचा काही भाग काढला, नुसती नळी घालून पू-पित्त बाहेर काढले, की काहीच न काढता टाके घातले? पुढची काळजी यावरच ठरते. खडे आतच असतील तर कळ पुन्हा येऊ शकते. सूज उतरायला काही आठवडे देऊन दुसरे ऑपरेशन करायचे का, कधी, आणि तारीख कोण कळवणार, हेही विचारून घ्या.

संकोच करू नका. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून रुग्णहक्कांची संहिता लागू आहे. तिच्यानुसार दिलेली माहिती थोडक्यात लेखी मागता येते आणि सोबत आपले माणूस बसवता येते. आईवडिलांना इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा मागा.

मधल्या काळात तळण, तूप, साय बेताने. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या. अशा उपायाने पडलेले हिरवे "खडे" तपासले तेव्हा ते तेलापासून झालेले साबणाचे गोळे निघाले. ही माहिती न्यूझीलंडमधूनच २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती.

थंडी वाजून ताप, न थांबणारी पोटदुखी, सतत उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शौचास, यांपैकी काहीही दिसले तर तारखेची वाट पाहू नका. लगेच डॉक्टर गाठा. त्रास जास्त असेल तर १११ फिरवा.

आणि भारतातून पुन्हा फोन आला, तर सांगा: डॉक्टर चांगला होता, म्हणूनच थांबला.