चारोळीचे झाड लावताना

श्रीखंडावर आपण चारोळी घालतो, बासुंदीतही घालतो. पण तिचे झाड कधी पाहिले आहे का, असे विचारले तर शहरातली बहुतेक माणसे गप्प बसतात. मीही त्यांच्यातलाच. मुरमाड, कोरडवाहू जमिनीत तग धरणारे मेव्याचे झाड हवे, म्हणून वाण्याकडून पावशेर चारोळी आणली आणि वाफ्यात पेरली. एकही दाणा उगवला नाही. उगवणार तरी कसा? आपण खातो तो कवच फोडून काढलेला, महिनोन्महिने साठवलेला गर. त्यातला जीव केव्हाच गेलेला असतो.

मग वैशाखात गडचिरोलीकडे गेलो. तिथे फळाला ‘चार’ म्हणतात. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातले हे झाड. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची. फळ पिकले की काळे होते, वरचा गर आंबटगोड लागतो. गावातल्या एका आजीबाईंनी मला नेमके झाड दाखवले. दरवर्षी लगडणारे, मोठ्या दाण्याचे. रोपासाठी बी घ्यायचे ते अशाच झाडाचे.

पिकलेली फळे चोळून धुवावीत. बिया पाण्यात टाकाव्यात. तरंगतील त्या पोचट, बुडतील त्या घ्याव्यात. कवच फार टणक असते. आतल्या गराला धक्का न लावता शिवणीवर हलकेच चीर पाडली तर उगवण सुधारते. बी जुने होऊ देऊ नये, त्याच पावसाळ्यात पेरावे. सोटमूळ खोल जाते, म्हणून पिशवी उंच घ्यावी. पाणी साचणारी जागा मात्र या झाडाला मानवत नाही. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षे लागतात. मृदुकाष्ठ कलम केले तर ती वाट कमी होते, शिवाय मूळ झाडाचे गुणही टिकतात.

माझ्या पिशव्यांतून चौदा रोपे उभी राहिली. पुढच्या वर्षी कलमासाठी काड्या आणायला त्याच झाडाकडे गेलो, तर तिथे बुंधाच होता. आजीबाई म्हणाल्या, ‘‘आधी कच्चीच फळं ओरबाडली, मग फांद्या तोडल्या, शेवटी झाडच पाडलं.’’ कच्च्या फळातला दाणा बारीक, त्याला भाव कमी. पण आपण थांबलो तर दुसरा नेईल, या भीतीने कोणीच थांबत नाही. आणि पिकले फळ खाली पडलेच नाही, तर नवे रोप येणार कुठून?

यावर उपाय आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवली आणि ती सगळ्यांनी पाळली, तर झाडही वाचते आणि दामही चांगला मिळतो.

त्या झाडाची आता माझ्याकडची चौदा रोपेच उरली आहेत. त्यातली सात मी आजीबाईंच्या बांधावर लावून आलो.